अकरा बायांचा श्वास

वडेगाव, जि. नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. करिष्मास मोठ्या आईचा जयभीम.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर मी पाठवलेल्या निरोपापुढे सव्वा वर्ष झालं एकच खूण आहे, दुसरी काही उगवत नाही. म्हणून पत्र. पत्राला ब्लॉक करता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच. पत्ता माझ्या अंकितने तुझ्या गुवाहाटीच्या संस्थेच्या वेबसाइटवरून काढून दिला. तिथे तुझा फोटो आहे. केस कापलेस. बरे दिसतात.

लिहायला निमित्त लागतं, ते परवा मोटारसायकलवरून घरी आलं. सौरव नावाचा मुलगा, पाठीवर जाळी, पिशवीत काचेच्या बाटल्या. मिरचीच्या वावरात किती जातीचे कोळी राहतात यावर त्याची पीएच.डी. चालू आहे. गावात शिरून ज्याला विचारलं त्याने त्याला आपल्याच घरी धाडलं. "रिसर्चवाले हाय ना? मंग बालवाडीच्या गोपिकाबाईकडे जा." पानठेल्यावरचे लोक तर मला म्हणतात, दारावर विद्यापीठाची पाटी लावून टाक.

चहा पिताना त्याने विचारलं, याआधी कोण कोण आलं होतं? मी मोजायला बसले तर तो तेविसावा निघाला. एवढंसं गाव आपलं, पण नागपूरहून एसटीने दोन तासांत येता येतं आणि गोपिकाबाई जेवायला घालते, त्यामुळे सगळ्या विषयांची माणसं इथेच येऊन पडतात. तुझ्या जन्माआधी ते भाषावाले सर आले होते. मला एकच वाक्य चाळीसदा म्हणायला लावलं, "मी जेवण करून राहिलो." मी म्हटलं, सर, मी बाई आहे, मी राहिली म्हणते. ते इतके खूश झाले की उभ्याउभ्याच लिहून घेतलं. मग कोंबड्यांच्या उवांवर काम करणारी मुलगी आली. मग दहावीच्या पोरींना इंग्रजीची भीती का वाटते ते शोधणारे एक जण, ते पोरींशी बोलताना स्वतःच घाबरायचे. बालवाडीतल्या पोरांची डोकी टेपने मोजणारा एक होता. मातीच्या भिंतीत दुपारी किती गारवा राहतो हे बघायला एकाने उभ्या उन्हाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात थर्मामीटर टांगून ठेवलं होतं, आणि मी त्यालाच लसणाची गड्डी अडकवत होते.

पण मला सगळ्यात आठवतो तो विहिरीचा आठवडा. पाण्यातलं फ्लोराइड मोजणारा मुलगा आणि बायांची गाणी गोळा करणारी एक मॅडम एकाच वेळी आले. एकाच विहिरीच्या काठावर चार दिवस काढले आणि एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. नंतर मॅडमचं पुस्तक आलं. त्यात आख्खं प्रकरण आहे, या बाया गाताना तोंडावर पदर का धरतात. लाज, परंपरा, स्त्रीचा दबलेला आवाज, खूप चांगलं लिहिलंय. अगं, पाण्याने दात पिवळे पडले होते म्हणून पदर धरायच्या! हे शेजारी बसलेल्या पोराला माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नाही, कारण त्याचा विषय पाणी होता.

मी सौरवला सांगितलं, काही अडलं तर मी आहे. तुला ठाऊकच आहे माझं. अर्धे फॉर्म तर मी बसल्या जागी भरून देते. कोणाकडे किती कोंबड्या, कोण कितवी शिकलं, कोणाच्या घरी संडास आहे आणि त्यात गोवऱ्या ठेवल्यात, हे विचारायला मला खाटेवरून उठावं लागत नाही.

तुझी आई बरी आहे. थोडा खोकला आहे. उत्तर दे.

मोठी आई


वडेगाव
२ मार्च २०२५

चि. करिष्मा,

टपालाच्या साइटवर "पोचले" असं आलं. म्हणजे पाकीट तुझ्या हातात पडलं, एवढं तरी झालं.

मागच्या वेळी मी थोडा खोकला म्हणून लिहिलं. थोडा नाही. कौसल्या या हंगामात एकही दिवस सातऱ्यावर गेलेली नाही. न्हाणीघरापर्यंत जाते आणि मध्ये कोठीचा दरवाजा धरून उभी राहते. मी जाऊ आहे तिची, पंचवीस वर्षं एका चुलीवर रांधलं, तिचं उभं राहणं मला कळतं. तुझे बाबा, धम्मानंद भाऊजी, गेले तेव्हासुद्धा ती अशी कशाला धरून उभी राहिली नव्हती. तू तेव्हा सातवीत होतीस.

सातऱ्यावर पुन्हा बायांची गर्दी आहे. काल मी तुझा प्रबंध काढून पहिलं पान वाचलं. "वाळलेल्या लाल मिरचीच्या ढिगांपुढे बसून स्त्रिया सकाळपासून संध्याकाळपर्यंत देठ तोडतात, त्या आवाराला या भागात सातरा म्हणतात." बरोबर लिहिलंस. त्याच आवारात तुझी आई एकवीस हंगाम बसली. त्यातून तुझं वसतिगृह झालं, हे तू आभारात लिहिलंस तेव्हा मी पदर डोळ्याला लावला होता.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

दीड वर्षापूर्वी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू गुवाहाटीहून आलीस. आपण सगळे दीक्षाभूमीला जाऊन आलो, तू पांढरी साडी नेसली होतीस. संध्याकाळी विहाराच्या अंगणात बाया थांबल्या होत्या. मला वाटलं सत्कार करणार आहेत, हारही दिसला होता मला, तो खरोखर होता की नाही कुणास ठाऊक. त्या उन्हाळ्यात त्यांनी सातऱ्याच्या मालकाकडे तोंडाला बांधायला चांगले मास्क मागितले होते, पंखे मागितले होते, वर्षातून एकदा छातीची तपासणी. मालकाने तुझ्या प्रबंधाची पेपरात आलेली बातमी काढून दाखवली. सातऱ्याच्या कामाचा श्वासावर ठळक परिणाम आढळत नाही. खाली तुझं नाव. तुमच्याच पोरीने लिहिलंय, तो म्हणाला.

सातऱ्यावरच्या रुख्मिणीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "तू आमच्यातली होती ना वं? आमी खोकलून खोकलून मरून राहिलो, अन् तू लिवते काईच नाई झालं? कोनाची झाली तू?"

तू म्हणालीस, "मामी, मी जे मोजलं ते लिहिलं. माझ्या मनानं एक आकडाबी नाही टाकला." मग तू आईकडे वळलीस. "आई, तू सांग ना यांना. तुझ्या श्वासाचा आकडा तीनशे चाळीस आहे की नाही?"

आई खाली बघत राहिली. मी चपलेचा पट्टा लावत होते. तो पट्टा लागलेलाच होता, करिष्मा.

तू त्याच संध्याकाळी बॅग उचलून गेलीस. त्यानंतर काही महिने आईशी फोनवर बोलत होतीस, तेही तिला खोकला येईपर्यंत. खोकला आला की म्हणायचीस, "आई, तुझा श्वास माझ्यापेक्षा चांगला आहे, मी स्वतः तक्त्यात बघितलाय. चुलीपाशी बसणं बंद कर." मग तेही बोलणं थांबलं. तुला वाटलं, आई बायांच्या बाजूची आणि मोठी आई कोणाच्याच बाजूची नाही.

मी काय होते ते पुढे कधी लिहीन.

मोठी आई


मनीषनगर, नागपूर
१६ मार्च २०२५

करिष्मा,

आम्ही नागपुरात आहोत. अंकितच्या घरी. खरं म्हणजे मी अंकितच्या घरी, तुझी आई मेडिकलला, छातीच्या वॉर्डात. दहा तारखेला भर दुपारी ओठ निळे दिसायला लागले म्हणून अंकित गाडी घेऊन आला. माझी सून खुशी आणि मी पाळीपाळीने तिच्याजवळ बसतो.

तिथल्या डॉक्टरबाई तुझ्याच वयाच्या आहेत. नाकात ऑक्सिजनची नळी लावली होती तरी कौसल्या त्यांना काय म्हणाली असेल? "माही पोरगी बी डाक्टर हाय. श्वासाचीच. आसामात असते." आणि माझ्याकडे बघून हसली. डॉक्टरबाईंनी फुंकायचं ते यंत्र दिलं, तुझ्याजवळ होतं तसंच, पांढरी नळी आणि लाल काटा. काटा नव्वदपर्यंत जाऊन थांबला. तीनदा नव्वद.

त्यांनी विचारलं, याआधी कधी मोजलं होतं का? मी पिशवीतून तुझा प्रबंध काढला. मी तो सोबत का घेतला होता ते मला विचारू नकोस. शेवटच्या तक्त्यात नावं नाहीत, नुसते क्रमांक. उत्तरदाती क्र. ५०, तीनशे चाळीस. डॉक्टरबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तीन वर्षांत तीनशे चाळीसवरून नव्वदवर? सातऱ्यानं इतकं एकदम होत नाही. हे दुसरंच काही तरी असणार. पहिला आकडा नक्की यांचाच आहे ना?"

मी म्हटलं, हो.

करिष्मा, मी हो म्हटलं. पलंगावर तुझी आई होती, तिनेही मान हलवली.

मग दुसरं काही तरी शोधणं सुरू झालं. टीबीची तपासणी, गाठीची तपासणी, एकदा घशातून दुर्बीण घातली. तिच्या तोंडाला फेस आला आणि तिने माझं मनगट इतकं दाबलं की अजून काळं आहे. चार दिवस त्यात गेले. काही सापडलं नाही. कसं सापडणार?

तुला इथे यावंसं वाटत नसेल तर येऊ नकोस, पण निदान त्या डॉक्टरबाईंना फोन कर. तुमच्या भाषेत तुम्ही बोला. मला त्यांच्यापुढे उभं राहून जे सांगायचं आहे ते तोंडातून निघत नाही. आयुष्यभर तेवीस विषयांच्या माणसांना मी घडाघडा उत्तरं दिली आणि आता एका पोरीपुढे माझी दातखीळ बसते.

मोठी आई


मनीषनगर, नागपूर
३० मार्च २०२५

करिष्मा,

हे पत्र फाडू नकोस. जपून ठेव, विद्यापीठात लागेल.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तुला कावीळ झाली होती. एकोणपन्नास बायांचा श्वास तू स्वतः मोजला होतास, अकरा राहिल्या होत्या. मिरची संपत आली होती, ढीग उठले की बाया पांगणार, आणि पुन्हा मोजायचं तर वर्षभर थांबावं लागणार. तू वसतिगृहात आडवी पडून मला फोन केलास. "मोठी आई, तू करशील ना? कामाच्या आधी तीनदा, कामानंतर तीनदा, सगळ्यात मोठा आकडा लिही." मी म्हटलं, त्यात काय मोठं.

पहिली तुझी आईच होती. तुझ्यापुढे रोज टाळायची, "माहं शेवटी कर, बाहेरच्या बायांचं आधी होऊ दे." मी घरीच तिला यंत्र दिलं. काटा दीडशेवर थांबला आणि ती खोकून खोकून जमिनीवर बसली. मला वाटलं चुकलं, पुन्हा फुंक म्हटलं. एकशे चाळीस. मी वहीत लिहायला पेन उघडलं तर तिने माझा हात धरला.

"बाई, हे नको लिवू. पोट्टी पाहीन तं पुस्तक टाकून घरी येऊन बसन. मले सातऱ्यावर जाऊ देनार नाई, अन् तिचं अर्ध्यात राहीन. तू फुंक ना वं. तुह्या छातीत का मिरची हाय?"

मी आयुष्यात सातऱ्यावर बसले नाही. बालवाडीची बाई मी, खडू खाल्ला असेल तेवढाच. मी फुंकलं. तीनशे चाळीस.

इथे थांबले असते तर मी स्वतःला म्हटलं असतं, एका आईसाठी केलं. पण मी थांबले नाही. बाकीच्या दहा जणींकडे मी दोन-दोनदा गेले. अंजनाबाई म्हणाली उद्या ये. दुसरी म्हणाली मले घाई हाय. एकीने घरात असून पोरीला सांगितलं, आई नाही म्हण. मला राग आला. मला वाटलं, आपल्याच पोरीचं काम आहे आणि या नखरे करतात. मग एका दुपारी मी खाटेवर बसले, वही पुढे घेतली आणि दहाही जणींचं फुंकून टाकलं. एकीचं बसून, एकीचं उभं राहून, एकीचं जेवल्यावर. आकडे जरा इकडेतिकडे व्हावे म्हणून अंगणात दोन फेऱ्यासुद्धा मारल्या. मला गंमत वाटत होती, करिष्मा. मला ती दुपार आठवते, मी हसत होते.

कोंबड्यांचं मी तसंच केलं होतं ना. संडासांचं, शिक्षणाचं, भाताच्या जातीचं, सगळं मी लोकांच्या वतीने भरलं आणि कधी चुकलं नाही, कारण मला माणसं ठाऊक होती. त्याच गुर्मीत मी त्यांचा श्वासही भरला. कोणाकडे किती कोंबड्या आहेत हे शेजारीण सांगू शकते. छातीत किती हवा जाते हे जिची छाती तिलाच माहीत, आणि तिलाही सांगता येत नाही, म्हणून तर तुझं ते यंत्र होतं.

इथे वॉर्डात बसून बसून मला एक गोष्ट कळली. त्या दहा जणी नखरे करत नव्हत्या. त्यांना फुंकताच येत नव्हतं. पोरीपुढे, गावापुढे खोकत खाली बसायची लाज वाटत होती. म्हणजे ज्यांचा श्वास सगळ्यात वाईट होता नेमक्या त्याच अकरा मी निवडल्या आणि त्यांच्या जागी माझी चांगली छाती ठेवली. तुझं उत्तर त्यामुळे उलटलं. एकोणपन्नास बायांचं तू खरं मोजलंस, त्यांचंही खरं मी बुडवलं. अंजनाबाई मागच्या पावसाळ्यात गेली. तिच्या मयतीला मी पोळ्या लाटल्या.

विहाराच्या अंगणात तू सगळ्यांदेखत एकटी उभी होतीस तेव्हा मी हे सांगायला हवं होतं. आईने सांगितलं नाही, कारण तुझी पदवी जाईल अशी तिला भीती होती. मी सांगितलं नाही, कारण मला माझी भीती होती. गाव मला मान देतं तो या फॉर्मांमुळेच.

शुक्रवारी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी केसपेपरवर तीनशे चाळीस खोडून दीडशे लिहिलं आणि म्हणाल्या, "मग हे वर्षानुवर्षांचं आहे. आता औषधाला फार जागा राहिलेली नाही."

मी काय करू ते सांग. सही करून देऊ का? विद्यापीठात येऊन उभी राहू का? तुझी पदवी जाऊ नये आणि बायांना त्यांचं मिळावं, असं काही असतं का? मला तर दोन्ही एकदम दिसत नाही. तू शिकलेली आहेस, तूच बघ.

आणि ये. ती रोज दाराकडे बघते.

मोठी आई


मनीषनगर, नागपूर
१३ एप्रिल २०२५

करिष्मा,

तुझं पाकीट काल आलं. एकच पान. मी ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

तू लिहिलंस, "मोठी आई, तीनशे चाळीस, तीनशे पन्नास, तीनशे चाळीस. पन्नास ते साठ क्रमांकाच्या अकरा बाया एकाच छातीने श्वास घेतात हे मला तक्ता भरतानाच दिसलं होतं. पहिल्याच दिवशी. गाईड मॅडमना दाखवलं असतं तर पुन्हा एक हंगाम गेला असता, शिष्यवृत्ती संपली असती. मी दाखवलं नाही. आईचा खोकला मला फोनवर ऐकू यायचा आणि मी तो आकडा धरून बसायचे. म्हणून मी तिच्यावर चिडायचे. विहाराच्या अंगणात मी खोटं बोलले आणि तुम्ही दोघी गप्प राहिलात म्हणून मी सुटले."

आणि खाली, "सोमवारी विद्यापीठाला लिहून कळवते आहे. पदवी राहणार नाही, बहुधा नोकरीही नाही. आईला हे कळू देऊ नकोस. मला फोन करू नकोस. तिच्याशी मला बोलता येणार नाही."

इतकी वर्षं मी समजत होते की मी तुला फसवलं. आपण तिघी एकाच आकड्यावर बसलो होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीला माहीत नाही.

आत गेले तर कौसल्याने माझ्या हातातलं पाकीट पाहिलं. अक्षरावरून तिने ओळखलं असेल. मास्कमधून म्हणाली, "तिचं हाय?" मी म्हटलं, हो. "वाच."

तिथल्या तिथे दुसरं पत्र तयार करणं मला अवघड नव्हतं. प्रिय आई, कामात आहे, लवकर येते, गोळ्या घेत जा. तिचे डोळे मिटलेले होते, तिला काय कळणार होतं? मी पहिला शब्द तोंडात घेतलासुद्धा. मग मला जमलं नाही. तू सांगू नको म्हटलेलंही मी वाचलं, पदवीचं, नोकरीचं, सगळं. मला क्षमा करू नकोस, पण तिच्या वाट्याचं मी आता काही ठेवून घेणार नाही.

पदवीचं ऐकून ती रडेल असं वाटलं होतं. त्यासाठीच तर तिने श्वास लपवला. ती त्याबद्दल काहीच बोलली नाही. तिने मास्क बाजूला केला.

"म्हंजे तिले मालूम होतं? मी बिमार हाय म्हून?"

मी म्हटलं, "हो वं. मालूम होतं."

"मंग थे काहून नाई आली?"

नर्सने येऊन मास्क पुन्हा लावला आणि बोलू नका म्हणून दटावलं. नर्स गेली की तिने पुन्हा काढला.

डॉक्टरबाई म्हणतात, गुरुवारपर्यंत असंच राहिलं तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल, मग बोलता येणार नाही. त्यातून परत येतील असं त्या म्हणाल्या नाहीत. आज रविवार आहे. तू फोन करू नकोस म्हटलंस म्हणून खुशी या पानांचे फोटो काढून तुझ्या संस्थेच्या ईमेलवर पाठवते आहे. गुवाहाटीहून विमान आहे असं अंकित म्हणतो.

तिचा प्रश्न मी तुला जसाच्या तसा कळवते आहे. उत्तरं मला चार-पाच सुचली आहेत, खरी वाटतील अशी. पण मी एकही दिलेलं नाही. मी नुसती पलंगाच्या कडेला बसून असते. तिला वाटतं मला ऐकू आलं नाही, म्हणून ती मास्क काढून पुन्हा विचारते. सकाळपासून तीनदा विचारून झालं. करिष्मा, दर वेळी ते एवढंसं वाक्य बोलायला तिला किती श्वास लागतो, ते मी बघते आहे.

मोठी आई